घोडोबाचं कवच

"हा शब्द काढा," रेणावीकर सर म्हणाले आणि लाल पेनाने 'अनिश्चित'वर एवढ्या जोरात काट मारली, की पान फाटलं.

"काढला तर तिथे काय लिहू, सर?"

"जे आहे ते. अश्वारूढ वीर, टापांखाली पडलेला शत्रू. माझ्या पुस्तकातलं पान उघडा आणि जसंच्या तसं उतरवा. तेवढं तरी येतं ना?"

"पण सर, त्या दगडावर वीतभर शेंदूर आहे. आतलं कोणीच पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय," सर म्हणाले. "शेंदरातून पाहिलंय. त्याला नजर लागते, ढोबळे. आडनावासारखं सगळंच ढोबळ करून चालत नाही."

असल्या कोट्या ते वर्गातही करायचे आणि पोरं इमानेइतबारे हसायची. मीही पहिल्या वर्षी हसले होते. आता हसू येत नव्हतं. माझा प्रबंध टंकून तयार होता. मार्गदर्शक म्हणून त्यांची एक सही बाकी होती आणि ती त्या एका शब्दापाशी अडून बसली होती. शिष्यवृत्ती संपली होती. वडील दर पत्रात विचारत होते, की शिक्षण संपलं का, म्हणजे स्थळं बघायला मोकळे. सही झाली नाही, तर मला मुकाट्याने गावी परतावं लागणार होतं, हे सरांनाही ठाऊक होतं. म्हणून तर लाल पेन एवढं जोरात चालत होतं.

माझा विषय होता वीरगळ. लढाईत किंवा गाईगुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. खाली त्याचं मरण, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र. वाचायचा तो खालून वर. विषय चांगला होता, पण मी मागितलेला नव्हता. मी मागितला होता गधेगाळ.

गधेगाळ म्हणजे दगडात कोरलेली शिवी. पूर्वी कोणी राजाने मठाला, देवळाला जमीन दान दिली, की शेताच्या बांधावर असा दगड उभा करत. वर तसेच सूर्य-चंद्र आणि खाली एक गाढव आणि एक बाई. अर्थ असा, की जो कोणी ही जमीन बळकावेल, त्याच्या आईला हे गाढव लागेल. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, म्हणून चित्र. मला विचारायचं होतं, की जमीन खाणार पुरुष, तर दगडावर त्याची आई का? हा प्रश्न घेऊन मी सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार उघडं ठेवायला सांगितलं, जणू मीच काही वंगाळ बोलायला आले होते.

"पोरीच्या जातीने असल्या दगडांसमोर वही घेऊन उभं राहायचं? आणि व्हायव्हाला मी शेजारी बसून ऐकायचं? छे छे. तुम्ही वीरगळ घ्या. सोज्वळ विषय आहे."

मी वीरगळ घेतला. रानोमाळ हिंडून, काट्याकुट्यांत बसून दगडांचे ठसे घेतले. ओल्या कागदाचा जाड थर ब्रशने ठोकून ठोकून दगडावर बसवायचा, वाळू द्यायचा आणि अलगद सोलून काढायचा. दगडावर जिथे उंचवटा, तिथे कागदाच्या आतून खळगा. मोदकाच्या साच्यासारखं. असे ठसे वाचून वाचून मला उलट्यातून सुलटं बघायची इतकी सवय झाली होती, की बोटं फिरवूनही मी घोडा कोणता आणि बैल कोणता, हे सांगायचे.

फक्त एका दगडाचा ठसा घेता आला नव्हता. तो म्हणजे वडगव्हाणचा घोडोबा. गावदेव. पिढ्यानपिढ्या तेलात कालवलेला शेंदूर फासून फासून त्याचा नुसता लाल गोळा झालेला. कुठे पाठीसारखा बाक, कुठे पायांसारखे उंचवटे. त्या उंचवट्यांवरून सरांनी तरुणपणी पुस्तक लिहिलं होतं, की हा वडगव्हाणच्या पाटलांच्या पूर्वजाचा वीरगळ. पाटलांना आयता शूर पूर्वज मिळाला, पालखीचा पहिला मान मिळाला आणि सरांना दर जत्रेत फेटा, शाल आणि व्यासपीठ. पाटील म्हणजे उत्तमराव. आमच्या कॉलेजच्या संस्थेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. देवळाभोवतीचा नजर पोचेल तिथपर्यंतचा ऊस त्यांचाच.

आणि या दगडापुढे मी लिहिलं होतं, 'अनिश्चित'.

तर लाल काट मारून सर पेनाला टोपण लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. सरांनी उचलला आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

"काय म्हणता उत्तमराव? कवच सुटलं? आख्खं? निघालो!"

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही देवाने स्वतः त्यांची बाजू घेतली होती.

"चला ढोबळे. घोडोबाने शेंदराचं कवच सोडलं. उत्तमरावांच्या आजोबांच्या काळात सुटलं होतं, त्यानंतर आज. आता दगडच साक्ष देईल. घोडा निघाला, तर मी सांगेन ते, मी सांगेन त्या शब्दांत लिहायचं. आणि प्रस्तावनेत माझी माफी मागायची."

"आणि नाही निघाला तर?"

"नाही निघाला तर जिथे म्हणाल तिथे सही करतो," सर म्हणाले आणि मोठ्याने हसले. त्यांना खरंच वाटत होतं, की घोडाच निघणार. तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

विभागाच्या जीपमध्ये ते पुढे बसले, मी मागे ठशाच्या सामानाबरोबर, मांडीवर प्रबंध. सगळ्या रस्त्यात ते ड्रायव्हरला ऐकू जाईल असं बोलत होते. आजकालच्या मुलांना घाई फार, श्रद्धा कमी. गुरूच्या ताटात जेवायचं आणि ताटालाच भोक पाडायचं. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते. तोंडाने एकही दिलं नाही. सही व्हायची होती.

वडगव्हाणात देवळासमोर गाव लोटलं होतं. हलगी वाजत होती. उत्तमराव पांढऱ्या झकास कपड्यांत पुढे आले. सरांच्या गळ्यात हार घातला आणि माझ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्या कोण?"

"विद्यार्थिनी आहे माझी. आमच्या घोडोबावर हिचा विश्वास नाही," सर म्हणाले. त्यांनी ते गमतीत म्हटल्यासारखं दाखवलं, पण आवाज असा काढला, की आजूबाजूच्या दहा-पंधरा लोकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"विश्वास न्हाई, तर आल्या कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बाईमाणसाला आत सोडता येत न्हाई," उत्तमराव म्हणाले. "देव उघडा हाय. आमच्यात बाप्येसुद्धा बघत न्हाईत. गुरव डोळ्याला फडकं बांधून नवा शेंदूर लावतो. मी पडदा धरतो, तोबी देवाकडं पाठ करून. रीतच हाय तशी. पण सर अभ्यासक हायत, त्यांनी आमचा वंश उजेडात आणला. म्हणून त्यांच्यापुरती सवलत. त्यांनी बघावं, बाहेर येऊन गावाला सांगावं."

"मला दगड बघायचाय," मी म्हणाले. "तीन वर्षं त्यासाठी..."

"तीन पिढ्या झाल्या, तरी माझ्या घरातल्या बाईनं बघितला न्हाई. तुम्ही कोण लागून गेला?"

लोक हसले. सरही हसले. मी कॅमेऱ्याची पिशवी पुढे केली, की निदान फोटो तरी काढा. उत्तमरावांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जीपच्या सीटवर ठेवून दिली. देवाचा उघडा फोटो निघणार नव्हता. म्हणजे सगळी भिस्त एकट्या सरांच्या जिभेवर. माझी तीन वर्षं, माझी पदवी, सगळं.

आधी कवच बाहेर आणलं. फुटक्या रांजणाच्या अर्ध्या भागासारखा एक मोठा, जाड, लाल तुकडा. धोतराच्या पानात पालथा ठेवलेला, वर फुलं. बाया हात जोडून मागे सरल्या. मग गुरव डोळ्यांना फडकं बांधून शेंदराचं घमेलं घेऊन आत गेला. उत्तमरावांनी गाभाऱ्याच्या दारात पडदा धरला आणि देवाकडे पाठ केली. हातात समई घेऊन सर पडद्याआड गेले. जाता जाता त्यांनी माझ्याकडे बघून एक भुवई उडवली.

मी कान देऊन उभी होते. हलगी थांबली होती. सर बाहेर येईनात. उत्तमरावांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "काय दिसतंय, सर?"

त्यांनी पडदा जरा ताणून धरला.

"सर?"

पडदा हलला आणि सर बाहेर आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी समई खाली ठेवली, ती तिरकी लागली आणि तेल सांडलं. त्यांनी गावाकडे पाहिलं. मग उत्तमरावांकडे. माझ्याकडे नाही.

"घोडा," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "घोडाच आहे!"

"घोडोबाच्या नावानं चांगभलं!" गाव एकदम गरजलं. हलगी कडाडली, गुलाल उधळला. कोणीतरी मुद्दाम माझ्या तोंडावर मूठभर टाकला. डोळ्यांत गेला. मी डोळे चोळत असताना उत्तमराव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पटलं आता?"

त्या क्षणी मला पटलंच होतं. मी हरले होते. प्रस्तावनेत माफी कशी लिहायची, याचे शब्दही मनात जुळू लागले होते.

तेवढ्यात माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. उत्तमरावांची आई. गाव त्यांना आक्का म्हणायचं. वाळलेल्या शरीराची, नऊवारीतली बाई. धरलेला हात मात्र पकडीसारखा.

"ए पोरी, लगीन झालंय का?"

"नाही."

"चालंल. देवाला काय कळतंय. चल, कवच उचलाय लाग."

कवच नदीत सोडायचं काम बायकांचं आणि तेही पाटलांच्या घरातल्या सासू-सुनेचं. सून पुण्याला होती. निरोप गेला होता, आली नव्हती. गावातल्या दोघीतिघी पुढे झाल्या, तशी आक्का त्यांच्यावर खेकसली, "तुमी लांब व्हा. गावभर कराल. ही परगावची हाय, सांजच्याला जाईल." कोणाला काही समजलं नाही. मलाही नाही.

धोतराचं एक टोक तिने धरलं, एक मी. जड होतं. बाया मागून गाणं म्हणत नदीपर्यंत आल्या आणि काठावर पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तीही रीत. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उतरलो.

"पालथंच सोड," आक्का म्हणाली. "बघू नको."

हेच ती बोलली नसती, तर मी खरंच बघितलं नसतं. मी इतकी खचले होते, की माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की माझ्या हातात काय आहे. पिढ्यानपिढ्या ओला शेंदूर दगडाच्या प्रत्येक खाचेत बसत, वाळत गेला होता. मी आयुष्यात घेतला नव्हता, एवढा स्वच्छ ठसा माझ्या हातात होता आणि मी तो फुलांखाली झाकून नदीवर वाहून आणला होता.

मी धोतराचं टोक सोडलं आणि कवच उताणं केलं.

आत गुळगुळीत, गडद लाल. वर दोन खळगे, सूर्य आणि चंद्र. खाली जनावर. मी डोळ्यांनी उलटं सुलट केलं. मग खात्री व्हावी, म्हणून खळग्यात बोटं घातली. मान आखूड. आयाळ नाही. आणि डोक्यावर दोन लांब खाचा, माझं बोट पेरभर आत जाईल एवढ्या. जगात कुठल्या घोड्याला असले कान नसतात. त्या जनावराच्या पुढच्या पायांखाली सरांचा 'पडलेला शत्रू' होता. त्याला अंबाडा होता. हातात बांगड्या होत्या.

आक्काने माझं मनगट पकडून पाण्याखाली दाबलं.

"काय बगतीस?"

"कान," मी म्हणाले. "आक्का, हे गाढव आहे. आणि ही बाई."

तिने काठाकडे पाहिलं. बायांच्या पाठी आमच्याकडे होत्या, गाणं चालू होतं. मनगट तिने सोडलं नाही.

"कळतंय म्हण की तुला. मला वाटलं, कॉलेजची पोर, नुसतीच पुस्तकं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या आजेसासूनं न् सासूनं ह्येच्या आधीचं, त्यांच्या येळचं कवच ह्याच पाण्यात सोडलं. सासूनं मला सांगितलं. मी सुनंला सांगणार हुते, तर तिला पुण्याहून सवड न्हाई." ती दातओठ खात बोलत होती. "ती सगळी जमीन मठाची हुती. खाल्ली कुणी? बाप्यांनी. अन् गाढवाखाली कोण? त्यांची आई. पाण्याची वाट तिथनंच. बाई घागर घिऊन निघाली, की पोरं दगडाला धोंडे मारायची न् म्हणायची, ती बघ पाटलाची आई. मग आमच्यातली एक उठली. हळदीकुंकू करून दगडाला शेंदूर फासला. म्हणाली, मला दृष्टांत झाला, घोड्यावरचा देव हाय, उघडा बघू नका. बाप्यांना काय, देव मिळाला, मान मिळाला. झाकायला तेच पुढं."

मला तिची कीव आली नाही, हे सांगून टाकते. मला राग आला. जो प्रश्न घेऊन मी सरांच्या दारात उभी राहिले होते, त्याचं उत्तर या घरातल्या बायकांनी मुठीत दाबून ठेवलं होतं. वर माझ्या तोंडावर गुलाल.

"हे मी लिहिणार," मी म्हणाले. "माझं कामच आहे ते."

"लिही की. उद्या गाव मोर्चा घिऊन कुणाच्या अंगणात येईल? उत्तमच्या न्हाई. तो म्हणंल, मला काय ठावं. त्या दगडावरच्या बाईच्या जागी मला बसवतील. मी मेल्यावर माझ्या सुनंला. शिवी बाप्याला देत्यात, पोरी, लागती बाईला. येवढं शिकून तुला येवढं कळंना?"

आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता तिने कवचावर पाय दिला. ते कचकन मोडलं. आणखी एक लाथ, आणखी एक. लाल तुकडे पाण्याबरोबर पुढे गेले. मी एक धरायला हात घातला, तर तिने माझ्या हातावरही पाय दिला. ठरवून दिला. माझ्या करंगळीचं नख पुढे काळं पडून गळलं.

वर आलो, तेव्हा गुरवाने डोळ्यांवरचं फडकं काढलं होतं. दगड पुन्हा लाल झाला होता. सर जीपमध्ये बसून होते. मांडीवर शाल आणि नारळ. जेवायचा आग्रह झाला, तो त्यांनी पित्ताचं निमित्त करून टाळला. जाताना एवढं बोलणारा माणूस येताना गप्प, म्हणून ड्रायव्हर दोनदा वळून बघत होता.

शेवटी मागे न बघता ते म्हणाले, "मग? ठरल्याप्रमाणे लिहा. अश्वारूढ वीर."

"तुम्ही पाहिलंत ना, सर?"

"या डोळ्यांनी पाहिलं."

"कान पाहिलेत?"

जीप खड्ड्यात गेली, आदळली, वर आली. सरांनी मांडीवरचा नारळ घट्ट धरला.

"मी आक्कांबरोबर नदीवर होते," मी म्हणाले. "कवच आतून पाहिलं. उलटं वाचायला तुम्हीच शिकवलंत."

पुढे चहाच्या टपरीपाशी त्यांनी जीप थांबवायला सांगितली. ड्रायव्हर चहा सांगायला उतरला. सरांनी हात मागे करून प्रबंध मागितला. खाली उतरून, तो बॉनेटवर ठेवून त्यांनी मार्गदर्शकाच्या जागी सही केली, तारीख घातली. फाटलेलं पान काढून त्यांनी चुरगाळलं.

"हे पान नव्याने टंकून घ्या. तो शब्द तसाच राहू दे. त्याच्या पुढे एक अक्षर वाढवायचं नाही."

"आणि तुम्ही गावाला जे सांगितलं ते?"

"पुरावा आहे तुमच्याकडे?" ते म्हणाले. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या नजरेत तुच्छता पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा निखळ द्वेष पाहिला. "नाही ना? कवच नदीत, दगड शेंदरात. मग आपण एकमेकांचं काही देणं लागत नाही. यापुढे माझ्या केबिनमध्ये यायचं नाही."

या प्रसंगाला मराठीत एक म्हण आहे. त्यात गाढवही आहे. ती मी गिळली आणि चहा प्यायले.

व्हायव्हा पावसाळा संपल्यावर झाला. आमच्याकडे तो जाहीर असे. हॉलमध्ये विद्यार्थी, विभागातले प्राध्यापक आणि पहिल्या रांगेत उत्तमराव. त्या संध्याकाळी संस्थेतर्फे सरांचा सत्कार होता, म्हणून ते लवकर येऊन बसले होते. बाहेरचे परीक्षक होते भागवत नावाचे, नागपूरकडचे. शांत, कोरडे गृहस्थ. त्यांनी बरंच विचारलं, मी बरंच सांगितलं. मग पानं चाळत ते थांबले.

"वडगव्हाणच्या दगडापुढे तुम्ही 'अनिश्चित' लिहिलंय. तुमच्या मार्गदर्शकांच्या पुस्तकात तर तो निश्चित आहे. अश्वारूढ वीर. असं का?"

सर माझ्या शेजारीच बसले होते. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. माझ्याकडे पुरावा नव्हता. नदीतल्या त्या बाईचं बोलणंही मी या हॉलमध्ये उच्चारणार नव्हते. तिने माझ्या हातावर पाय दिला होता, पण ती खोटं बोलली नव्हती. मात्र उत्तर द्यायची पाळी सरांवर आणायला मला पुराव्याची गरज नव्हती.

"सर, त्या दगडाचं शेंदराचं कवच मध्यंतरी सुटलं," मी म्हणाले. "मी तिथे होते. पण मला बाईमाणूस म्हणून आत सोडलं नाही. गुरवाच्या डोळ्यांना फडकं होतं, उत्तमरावांची पाठ होती. उघडा दगड पाहिलेला या हॉलमध्ये एकच माणूस आहे. तुम्ही त्यांनाच विचारावं."

"अरे वा," भागवत सरळ होऊन बसले. "रेणावीकर, तुम्ही पाहिलात? मग काय आहे त्यावर?"

उत्तमराव पहिल्या रांगेतून खुर्चीच्या टोकावर पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर आधीच हसू होतं.

घोडा म्हटलं, तर पुढचा प्रश्न तयार होता, की मग या 'अनिश्चित'खाली तुमची सही कशी? आणि हा परीक्षक स्वतः जाऊन बघू म्हणाला असता, शेंदूर खरवडू म्हणाला असता. गाढव म्हटलं, तर पुस्तक गेलं, फेटा गेला आणि उत्तमराव समोर बसलेले. सरांनी ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले. पुसतच राहिले.

"त्याचं असं झालं," ते म्हणाले, "समईचा धूर फार होता. काचा काळवंडल्या. मला... नीट दिसलं नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. शेंदरातून पार बघणारी नजर ज्यांनी वर्षानुवर्षं मिरवली, त्यांना उघडा दगड दिसला नव्हता.

"दिसलं नाही?" उत्तमराव खुर्चीतून उठलेच. "अहो, मग आम्ही चांगभलं कशाला केलं?"

"बसा, बसा," भागवत त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग शब्द योग्य आहे तुमचा. पुढे जाऊ."

संध्याकाळचा सत्कार झाला नाही. पुढच्या जत्रेत वडगव्हाणच्या व्यासपीठावर दुसरे कोणी प्राध्यापक होते, असं कळलं. सर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही त्यांच्याशी बोलले नाही.

पदवी मिळाल्यावर मी एकदा वडगव्हाणला गेले. का गेले, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिने तो घेतला, उघडला नाही.

"लिहिलंस?"

"नाही."

"मग डिग्री कशाची दिली तुला?"

"'अनिश्चित' असं लिहिलं मी. म्हणजे त्या दगडावर काय आहे, ते सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई व्हय?" तिने सुपातला एक खडा शोधून बाहेर फेकला. "ते तर आमीबी करतो. आमी त्याला शेंदूर म्हंतो."

पेढे तिने आत नेऊन ठेवले आणि परत येऊन तांदूळ निवडू लागली. बस म्हणाली नाही. थोडा वेळ मी उभी राहिले आणि मग एस. टी. धरायला निघाले.